सवंगडीमुक्त फ्रिसबी

फ्रिसबीतला एक मूलभूत दोष अखेर दूर झाला आहे: समोर दुसरा माणूस लागणे. न्यू जर्सीतल्या शाळकरी पोरांनी 1968 साली 'अल्टिमेट' हा खेळ काढला, त्यात पंच ठेवला नाही. सवंगडीही वगळण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नाही. ते आता गॅरेजात फेकयंत्र बनवणाऱ्यांनी दाखवले आहे.

अल्टिमेटची तबकडी 175 ग्रॅमची. ती नुसती ढकलून भागत नाही, गरगर फिरावीही लागते, नाहीतर डगमगून कोसळते. म्हणून यंत्रात एका बाजूला मोटरवर फिरणारे चाक, दुसऱ्या बाजूला स्थिर रबरी पट्टी. मधून घासत निघाली की तबकडीला वेग आणि गिरकी दोन्ही मिळतात. मनगटाच्या एका झटक्याचे काम आता मोटर, गाडीची बॅटरी आणि कुटुंबाची नाराजी एवढ्यात भागते. शिवाय यंत्र उशिरा येत नाही, 'आज पाठ धरलीय' म्हणत नाही.

पुढचा टप्पा उघड आहे: झेलणारे यंत्र. मग दोन्ही यंत्रे मैदानावर सराव करतील, खेळाडू घरी विश्रांती घेईल.

तूर्त किरकोळ अडचण एवढीच, की यंत्र मैदानापर्यंत उचलून न्यायला चार माणसे लागतात. रविवारी सकाळी मोकळे असणाऱ्यांनी जरूर यावे. खेळायला थांबू नये.