श्वा, युवा आणि मघवा

पाणिनीनं अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात श्वन्, युवन् आणि मघवन् या तिघांना एकाच सूत्रात बसवलं आहे. म्हणजे कुत्रा, तरुण आणि इंद्र. काही विभक्तींत तिघांची रूपं एकाच पद्धतीनं होतात, एवढंच त्याचं शास्त्रीय कारण. पण देवांच्या राजाला कुत्र्याच्या पंगतीला बसवलं म्हणून संस्कृतचे मास्तर पिढ्यान्‌पिढ्या या सूत्रावर वर्गात हशा वसूल करत आले आहेत. हसून झालं की कुत्र्याची कीव करतात, इंद्राची समजूत घालतात. मधल्या युवनाची चौकशी कुणी करत नाही.

मी तो मधला. पुण्यात संस्कृतात पीएच.डी. करतो, सदाशिव पेठेत राहतो, आणि एका गावठी कुत्रीला घेऊन वर्षभर जर्मनीत ग्योटिंगेनला राहून आलो. मघवा वाटेत जागोजाग भेटला. कधी खिडकीपलीकडं बसलेला, कधी गणवेशात, कधी नऊवारीत.

ग्योटिंगेनच का, असं पुण्यात विचारायचं नसतं. फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे. १८८१ मध्ये ते पुणं सोडून गेले आणि पुढच्या वर्षी ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात निघाली. ती अजून आमच्या टेबलावर असते आणि आम्ही अजून तिच्यातल्या तळटीपांत अडकलेलो असतो. १८८५ मध्येच ग्योटिंगेननं रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यामुळं माझी शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं ऐकून आमचे गाईड सर म्हणाले, "कीलहॉर्न गेले त्याच रस्त्यानं निघालास. छान. येताना तिसरं प्रकरण संपवून ये." कीलहॉर्न दोन देशांत मिळून तीन खंड काढून मोकळे झाले, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तो त्यांचा मोठेपणा.

घाई करणं आमच्या विषयाच्या स्वभावात नाही, हेही सांगायला हवं. डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचं काम १९४८ मध्ये सुरू झालं आणि इतके खंड निघूनही ते 'अ'वरच आहे. वर्णमालेत 'श' कुठं येतो बघा. कोशात श्वन् छापून येईल तेव्हा कुत्र्यांच्या किती पिढ्या झालेल्या असतील याचा हिशेब मी एकदा करायला घेतला होता. मेसची वेळ झाली म्हणून राहिला.

तर कुत्री. भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयातून बाहेर पडलं की फाटकापाशी एक तांबूस, एक कान पडलेली कुत्री माझ्या झोळीकडं टक लावून बसलेली असायची. झोळीत पोथीच्या झेरॉक्स असायच्या आणि मेसच्या डब्यातली उरलेली पोळी. एका पावसाळी संध्याकाळी ती माझ्या मागं मागं डेक्कनपर्यंत आली, लकडी पुलावरून मुठा ओलांडून पेठेत आली आणि जिन्याखाली चपलांशेजारी अंग मुडपून झोपली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची कुत्री सरमा रसा नदी ओलांडून पणींच्या मुलखात गायींचा तपास लावायला जाते. नावासाठी आणखी पुस्तकं उघडायची गरज पडली नाही.

खोली देताना काकूंनी नियम सांगितले होते. रात्री दहानंतर बादली भरायची नाही. अंडं उकडायचं नाही. मित्र आणायचे नाहीत. गॅलरीत उभं राहून फोनवर बोलायचं नाही. कुत्र्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मी मीमांसकाच्या थाटात म्हणालो, "काकू, जिथं निषेध नाही तिथं अनुज्ञा धरतात."

"मग निषेध आत्ता करते," काकू म्हणाल्या.

पण त्याच आठवड्यात सरमेनं बोळातली ती प्रसिद्ध घूस मारली. महापालिकेला अर्ज करकरून वाडा थकला होता. दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतः ताटलीत दूध-पोळी कुस्करून दिली आणि "काय नाव म्हणालास हिचं? शर्मा?" असं विचारलं. पुढं त्या जिन्यातून "शर्मा जेवली का रे?" असं ओरडून विचारायच्या. वरच्या मजल्यावर आलेल्या नव्या बिऱ्हाडाचा बरेच दिवस समज होता की काकूंनी कुणी उत्तरेकडची मुलगी पेइंग गेस्ट ठेवली आहे आणि ती फार अबोल आहे.

वर्षभरासाठी तिला मागं ठेवून जाणं शहाणपणाचं झालं असतं. सगळ्यांनी तसंच सांगितलं. पण ज्याचं अर्धं आयुष्य भांडारकरच्या महाभारतात गेलं आहे त्याला हे जमत नाही. या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरं झालं. हजारो श्लोक परिशिष्टात गेले, पण कुत्री दोन्ही टोकांना शाबूत राहिली. आदिपर्वाच्या सुरुवातीला जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिलाला उगाच बडवतात आणि ती येऊन शाप देते. शेवटी सतराव्या पर्वात युधिष्ठिर हिमालय चढून जातो, भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडतात, मागं एक कुत्रा तेवढा उरतो, आणि इंद्र रथ घेऊन येतो. रथात या म्हणतो, कुत्र्याला सोडा म्हणतो. कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही, त्यांचं पुण्य क्रोधवश नावाचे गण हरण करतात, असं सविस्तर कारणही देतो. युधिष्ठिर जागचा हलत नाही. जगातल्या वाङ्‌मयात पाळीव प्राण्यासह प्रवेश नाकारल्याची इतकी जुनी नोंद आणखी कुठं असल्यास कळवावं.

आता मघव्यानं आपल्या अटी लेखी केल्या आहेत. आधी कुत्रीच्या मानेत चिप बसवायची. ती पंधरा अंकी. रेबीजची लस त्यानंतर, आधी टोचलेली धरत नाहीत. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढायचं. ते युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथं प्रतिपिंडांचं प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ एकक भरलं पाहिजे. भरलं, तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं, कारण रेबीजच्या बाबतीत भारत ज्या यादीत नाही त्या यादीतल्या देशांनाच सवलत आहे. शेवटी निघायच्या तोंडावर सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र आणि मुंबईच्या पशु संगरोध कार्यालयाचा ना हरकत दाखला.

आमचा नमुना जर्मनीतल्याच प्रयोगशाळेत गेला. म्हणजे सरमेचं रक्त माझ्या कितीतरी आधी युरोपात जाऊन पास झालं. माझं संशोधन तिथं कुणी तपासलं नव्हतं.

तिच्या चिपचा नंबर मला अजून पाठ आहे, स्वतःचा पासपोर्ट नंबर नाही. व्हिसाच्या खिडकीवर विचारलं, जाण्याचा हेतू काय, मार्ग कुठला, रात्री कुठं राहणार? मला घाम फुटायच्या ऐवजी आनंद झाला, कारण ऋग्वेदात पणी सरमेला हेच विचारतात: कशासाठी आलीस, एवढा लांबचा रस्ता, रात्र कुठं काढलीस, रसेचं पाणी कसं ओलांडलंस? पुढं ते तिला आमची बहीण होऊन इथंच राहा, गायींत वाटा देतो, असंही सांगतात आणि ती साफ नाही म्हणते. कायमचं नागरिकत्व समोरून आलं असता नाकारणारी आपल्याकडची पहिली व्यक्ती ही. हे सगळं मी खिडकीवरच्या बाईंना सांगणार होतो, पण मागं रांग होती.

विमानात केबिनमध्ये सांभाळता येईल इतकी सरमा लहान नव्हती, तेव्हा तिला खालच्या कप्प्यात जावं लागलं. तिचा पिंजरा कसा असावा याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. प्राण्याला त्यात ताठ उभं राहता आलं पाहिजे, गिरकी घेता आली पाहिजे, पाय पसरून निजता आलं पाहिजे. मी माझ्या आसनावर बसून हे तिन्ही करून पाहिले. शेजारच्या गृहस्थांनी हवाई सुंदरीला बोलावलं.

फ्रँकफर्टला लुफ्तान्साचं प्राण्यांसाठी वेगळं विश्रामगृह आहे, सुमारे ४,००० चौरस मीटरचं, २००८ मध्ये उघडलेलं. शर्यतीच्या घोड्यांपासून शोभेच्या माशांपर्यंत सगळ्यांची बडदास्त तिथं ठेवतात. सरमा तिकडं रवाना झाली आणि मी रांगेत. आमची पुन्हा भेट झाली तेव्हा ती पाणी पिऊन, आळोखेपिळोखे देऊन ताजीतवानी झाली होती. तिनं माझा वास घेतला आणि जरा मागं सरकली.

तिथून ग्योटिंगेन आगगाडीनं दोन तासांच्या आत. जर्मन रेल्वेत मांजराएवढा प्राणी पिंजऱ्यात घालून नेला तर फुकट. त्याहून मोठ्या कुत्र्याला तिकीट आणि मुसकी. तिकीट घेतलं म्हणून कुत्र्याला आसन मिळत नाही. रोज सिंहगड एक्स्प्रेसनं मुंबईला जाणाऱ्या पासवाल्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

ग्योटिंगेन हे सायकलींचं आणि विद्यापीठाचं गाव, म्हणजे पूर्वीचं पुणं. जुन्या तटावरून गावाला वळसा घालणारी झाडांची वाट आहे, तिथं आम्ही सकाळ-संध्याकाळ फिरायचो. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. एकटा निघालो तर कुणी बघत नाही. सरमेबरोबर निघालो की म्हातारी जोडपी थांबतात, वाकतात, तिची जात विचारतात. रस्त्यावर मोकाट कुत्रं नसलेल्या देशात 'भटकी होती' म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर उमटायचा तो माझ्या महाभाष्यासाठी कधी उमटला नाही. "पूना!" असं म्हणून ते तिच्याच कानामागं खाजवायचे. विभागातल्या प्राध्यापकबाईंनाही माझं नाव उच्चारायला महिना लागला. 'सरमा' त्या पहिल्या दिवशीच स्वरासकट म्हणाल्या.

जेवणाचं मात्र जमेना. पोत्यातला तो कोरडा जर्मन खाऊ तिनं एकदा हुंगला आणि वाटी पंजानं सरकवून दिली. शेवटी वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात मी रोज पोळ्या लाटू लागलो. मजल्यावरच्या कोरियन आणि स्पॅनिश मुलांचा समज झाला की भारतात कुत्र्यांसाठी ताजं अन्न करतात आणि माणसं शिळं खातात. माझ्या बाबतीत ते खरंच होतं.

आणि इथं मघव्याचा शेवटचा अवतार. ग्योटिंगेन निडरझाक्सन प्रांतात येतं आणि तिथं १ जुलै २०१३ पासून नवख्या कुत्रेवाल्याला परीक्षा द्यावी लागते. आधी लेखी, मग वर्षाच्या आत प्रात्यक्षिक. शिवाय कुत्र्याचा कर, विमा, नोंदणी. मागच्या दहा वर्षांत सलग दोन वर्षं कुत्रं सांभाळल्याचा पुरावा दिला तर परीक्षा माफ. मी काकूंना फोन करून तसं पत्र देता का विचारलं.

"खोटं कशी लिहू?" काकू म्हणाल्या. "आणि परीक्षेला कसला घाबरतोस? दुसरं काय करतोयस इतकी वर्षं?"

लेखी परीक्षेसाठी मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं सगळं जर्मन पणाला लावलं. १ एप्रिल ते १५ जुलै रानात कुत्रं मोकळं सोडायचं नाही, कारण तेव्हा पक्षी-प्राण्यांच्या विणीचा हंगाम असतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पास झालो.

प्रात्यक्षिक बाजारचौकात होतं. तिथं गेन्झेलीझल नावाची, हंस घेतलेल्या मुलीची १९०१ ची मूर्ती आहे. डॉक्टरेट मिळाली की विद्यार्थी सजवलेल्या गाड्यावरून वाजतगाजत येतो, कारंज्यावर चढतो आणि तिचा मुका घेतो. १९२६ मध्ये या प्रकारावर बंदी आली होती. ती मुलगी जगातली सर्वांत जास्त मुके मिळालेली मुलगी आहे म्हणतात, यावरून बंदीचं काय झालं ते समजावं. नेमकं त्या दिवशी कुणीतरी रसायनशास्त्रातला डॉक्टर वर चढलेला. मित्र ओरडतायत, फुलं उडतायत. परीक्षक बाई वहीत बघत म्हणाल्या, "छान, गर्दीही आहे. कुत्रीला बसवा."

"बस," मी म्हणालो. सरमा हंसाकडं बघत उभी.

"झिट्स," बाईंनी मदत केली. सरमा उभी.

मग मी गळा साफ केला आणि काकूंच्या आवाजात म्हणालो, "शर्मा, बसतेस का आता, की येऊ तिकडं?"

ती तत्काळ बसली. रसायनशास्त्राचा डॉक्टरही क्षणभर थांबला. बाईंनी शेरा लिहिला की आज्ञा लांब असली तरी परिणाम निश्चित आहे.

प्रमाणपत्र घरी आलं. जर्मनीत मला मिळालेला हा पहिलाच अधिकृत कागद. पुण्याला सहामाही प्रगती अहवाल पाठवायची तारीख जवळ आली होती, तेव्हा त्याची स्कॅन प्रत मी 'इतर शैक्षणिक उपलब्धी' या रकान्यात जोडली. सरांचं उत्तर त्याच दिवशी आलं.

"अभिनंदन. सरमेचं प्रात्यक्षिक झालं. तिसरं प्रकरण ती कधी देतेय?"