गॅलरीतली शेजपाळी

आमच्या डोक्यावर एक पाटबंधारे प्रकल्प आहे. कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, ११ बाय ४ फुटांच्या गॅलरीत. कुंड्या ६३. त्यातल्या खऱ्या कुंड्या १९, बाकी रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, मासळीवाल्याकडचा थर्मोकोलचा खोका (काका शाकाहारी, पण खोक्याला काय त्याचं!) आणि काकूंचा अजून चांगला असलेला कुकर.

काका पाटबंधारे खात्यात होते. निवृत्तीला १२ वर्षं झाली, तरी ते झाडांना पाणी घालत नाहीत, आवर्तन सोडतात. कुठल्या कुंडीला कधी आणि किती, याची शेजपाळी फ्रीजवर चिकटवलेली असते. पाणी आधी टोकाच्या कुंडीला, मग अलीकडे, म्हणजे टेलवाल्यावर अन्याय होत नाही. खरा टेलवाला मी, दुसऱ्या मजल्यावरचा. माझ्या वाळत घातलेल्या शर्टांना मागणी अर्ज न भरता रोज पाणी मिळतं. एकदा तक्रार केली.

"अरे, पाझर धरावाच लागतो. कालव्यातसुद्धा धरतात," काका म्हणाले आणि संध्याकाळी चार मिरच्या पाठवल्या. नुकसानभरपाई.

उशाशी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी'. गणिताचा प्राध्यापक शेती शिकवू शकतो, तर इंजिनिअरला का जमू नये, हा काकांचा बिनतोड सवाल. जीवामृताची कृती मुळात शेताच्या मापाची: २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. काकांनी ती २० लिटरच्या बादलीत बसवली. म्हणजे बेसन २०० ग्रॅम. नेमकं तेवढंच काकूंनी पिठल्याला ठेवलेलं असतं. मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळणं, तेही घड्याळाच्या दिशेने. त्या दिवसांत जिन्यातून लोक बोलत नाहीत, नुसते भराभर चढतात. सोसायटीच्या सभेत विषय निघाला तेव्हा काका उठून म्हणाले, "माणसाने माती धरावी की नाक?" प्रश्न कुणालाच नीट कळला नाही, त्यामुळे ठराव बारगळला.

नोकरीत दुसऱ्याच्या पैला हात न लावलेला हा माणूस. पण लग्नाला गेला की अक्षता पडायच्या आत कार्यालयाच्या कुंपणाशी. येताना काकूंच्या पर्समध्ये, ओल्या रुमालात गुंडाळलेली जास्वंदीची फांदी. "चोरून आणलेलं हमखास लागतं," हे ते ज्या खात्रीने सांगतात, त्या खात्रीने त्यांनी धरणातला साठाही कधी सांगितला नसेल. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मात्र हात खिशात. तिथे पहारा असतो.

गेल्या मोसमात १३ टोमॅटो आले. कोकोपीट, निंबोळी तेल, कबुतरांसाठी जाळी असं सगळं धरून काकूंनी हिशोब मांडला: एक टोमॅटो १४० रुपयांना. काकांनी तो फेटाळला. भांडवली खर्च एकाच वर्षात धरत नाहीत म्हणे.

दिवाळीनंतर दोघं मुलीकडे न्यू जर्सीला गेली. किल्ली आणि दहा पानी शेजपाळी माझ्याकडे. रोज व्हिडिओ कॉल. इथे सकाळचे साडेसहा, तिकडे रात्रीचे आठ. फोन एकेका कुंडीसमोर धरायचा. "कढीपत्त्याला पिठ्या ढेकूण दिसतोय. जवळ घे. अजून जवळ." मागून नात 'आजोबा, आजोबा' करत येऊन जायची. "थांब गं, मोगरा चाललाय."

पाच महिने मी बेताने, चमच्याने औषध पाजावं तसं पाणी घातलं. दोन तुळशी गेल्या, पण शर्ट कोरडे वाळले. एप्रिलमध्ये एका पहाटे खाली टॅक्सीचं दार वाजलं. बॅगा अजून जिन्यातच होत्या, तेवढ्यात आमच्या गॅलरीत टप टप सुरू झालं.

आईने दोरीवरचे कपडे आत ओढले आणि चहाचं आधण वाढवलं.