मीटर तोच, ग्रेडर बदला

डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, चार जणांना घरी पाठवलं. चौघेही फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर, चौघेही कंत्राटी, आणि चौघांकडे इंडिगोवर नजर ठेवायचं काम. वैमानिकाची तपासणी करणारी, त्याची तपासणी घेणाऱ्या परीक्षकालाही तपासणारी ही जमात. त्याआधी ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची अडीच हजारांवर उड्डाणं रद्द झाली होती आणि तीन लाखांवर प्रवासी अडकले होते. लोकांना कोणाचं तरी डोकं हवं होतं. सरकारने चार दिली, तीही फुकटात. कंत्राटी माणसाला काढायला खर्च येत नाही.

आदेशात काय? ‘तत्काळ कार्यमुक्त’. हलगर्जीपणा झाला वगैरे कारण बातम्यांत आलं ते ‘सूत्रांच्या’ तोंडून. सूत्रं बोलली, सही करणारा गप्प. नेमकी कोणती तपासणी चुकली, कोणता कागद बघायचा राहिला, त्यांनी आधी काही लिहून कळवलं होतं का, कळवलं असेल तर ती फाईल कुठल्या टेबलावर झोपली, यातलं एक अक्षर जनतेला मिळालं नाही. चौकशी समिती नेमलेली होती. तिचा अहवाल यायचा होता. तोवर कोण थांबतो?

मुळात घोळ काय होता बघा. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करायची, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणायची, असा नियम. पहिला टप्पा जुलै २०२५ ला, दुसरा १ नोव्हेंबरला. म्हणजे तारीख कंपनीला ठाऊक, डीजीसीएला ठाऊक. माणसं जास्त लागणार हे गणित आमच्या गोंदियाकडच्या तिरोड्यातला चौथीतला पोरगाही सोडवेल. तरी हिवाळी वेळापत्रकात इंडिगोला उड्डाणं वाढवून मिळाली. मंजुरी खुद्द डीजीसीएची. त्या मंजुरीवर ज्यांच्या सह्या, त्यांना कोणी कार्यमुक्त केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आमच्याकडे धान खरेदी केंद्रावर असंच चालतं. धानात ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा. बोंब झाली की पहिला जातो ग्रेडर, म्हणजे धान तपासणारा. ओलावा मोजायचा मीटर कधी तपासला होता, बारदाना वेळेवर का आला नाही, गोदाम नसताना खरेदी सुरू करा म्हणून फोन कोणी केला, हे विचारायच्या आत नवा ग्रेडर खुर्चीत बसलेला असतो. जुनाच मीटर हातात घेऊन.

आता कायद्याची गंमत ऐका. १९५७ च्या पुरुषोत्तम लाल धिंग्रा निकालापासून आपल्याकडच्या नोकरीच्या खटल्यांत एक भेद चालत आलाय. कच्च्या नोकरीतल्या माणसाला साधेपणाने काढलं, ठपका ठेवला नाही, तर त्याचं म्हणणं ऐकायची फारशी गरज नाही. ठपका ठेवून काढलं, तर मात्र ऐकावं लागतं. त्यामुळे हुशार साहेब काय करतो? ठपका कागदावर ठेवतच नाही, वर्तमानपत्रात ठेवतो. आदेश जितका आखूड तितका कोर्टात टिकाऊ. बदनामी फुल्ल, सुनावणी निल.

वैमानिकांना तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला किंवा परीक्षकाला हातच लावू नये, असं मी म्हणत नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर वैमानिकाचं लायसन्स काढलेले लोक सापडले आणि डीजीसीएतली माणसंही अटकेत गेली. तसला संशय आला तर त्याच दिवशी काम काढून घ्या. दुपारी नको, सकाळीच. पण काम थांबवणं वेगळं आणि कायमचं काढणं वेगळं. कायमचं काढताना कारण लिहाच, आणि ते त्याच्यासाठी नाही, आमच्यासाठी लिहा. परीक्षक नालायक निघाला, तर त्याने पास केलेल्या वैमानिकांची परीक्षा पुन्हा घेणार का? आणि लायक असेल, तर काढला कशाला? आखूड आदेशात दोन्ही प्रश्न बसतात, उत्तर एकाचंही नाही.

हे प्रश्न दिल्लीचे वाटत असतील, तर गोंदियाजवळच्या बिरसीला चक्कर मारा. तिथे वैमानिक घडवायची शाळा आहे. पोरं दोनशे तासांचं उड्डाण पुरं करतात, परीक्षकाला शेजारी बसवून विमान उतरवून दाखवतात, तेव्हा कुठे लायसन्सची वाट मोकळी होते. याच बिरसीहून १८ मार्च २०२३ ला उडालेलं शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात कोसळलं आणि दोन जीव गेले. आणि याच बिरसीहून १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोची हैदराबाद–तिरुपती सेवा सुरू झाली, तेव्हा आमच्याकडचे लोक बालाजीला विमानाने जायला लागले. कॉकपिटमधल्या माणसाला पास कोणी केलं, हे बालाजीला ठाऊक असेल. आम्हाला नसतं.

अमेरिकेत निदान लाज न बाळगता लिहून ठेवलंय: तिथला विमान वाहतूक प्रशासक बाहेरच्या परीक्षकाला दिलेला अधिकार योग्य वाटेल त्या कारणासाठी, केव्हाही काढून घेऊ शकतो. १९९६ मध्ये एक परीक्षक कोर्टात गेला, तर कोर्ट म्हणालं, यात आम्ही पडू शकत नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. डीजीसीएच्या आदेशावर दाद मागायची ती केंद्र सरकारकडे, आणि सरकारच्या निर्णयावर पुढे अपील नाही. डीजीसीए कोणाच्या हाताखाली? केंद्र सरकारच्या. सासूची तक्रार सासऱ्याकडे.

पुढे जानेवारी २०२६ मध्ये इंडिगोला २२ कोटी २० लाखांचा दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपनीला तो चहापाण्याचा खर्च. कंपनीच्या सर्वांत वरच्या साहेबाला काय? ताकीद.

चार खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्या भरायला कंत्राटी जाहिरात निघेलच. नवा इन्स्पेक्टर तपासणीला जाईल, चूक दिसली की पेन काढेल, आणि लिहायच्या आधी विमानाच्या शेपटीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते एकदा वाकून बघून घेईल.