पोटार पाय, बोटार ॲप

शुक्रवारी म्हापशात गाडी लावायला जागा शोधणं हे मोपावर विमान उतरवण्यापेक्षा अवघड काम. तिथे निदान धावपट्टीवर कुणी हरमलच्या मिरच्यांची पथारी मांडून बसत नाही. गेल्या शुक्रवारी मी बोडगेश्वराच्या बाजूला गाडी ठेवली, तंगडतोड करत बाजारात आलो आणि घाम पुसत नेहमीच्या हॉटेलात शिरलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर गोव्यातला सगळा डिजिटल वाद पातळ भाजी आणि कातरे पाव खात बसला होता.

म्हणजे माणसं दोनच. एक माझा मेहुणा, पेडण्याचा, मोपावर टॅक्सी चालवतो. दुसरे शेट. बाजारात त्यांचं मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. चार्जर, कव्हर, काचा. पूर्वी त्याच जागी त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे.

शेटांचा मुलगा बेंगळुरूहून यायचा होता, रात्री साडेअकराला, मोपावर.

"तिथून म्हापशाला तुमचे लोक काय घेतात रे?"

मेहुण्याने आकडा सांगितला. शेटांनी तोंडाशी नेलेला पाव परत बशीत ठेवला.

"अरे, एवढ्यात पोरगं बेंगळुरूहून बसने येईल! म्हणून सांगतो, ॲप पाहिजे. अख्ख्या देशात बटण दाबलं की दारात गाडी. आणि आम्ही अजून स्टँडवर उभे राहून घासाघीस करतोय."

"शेट, ॲप म्हणजे आमच्या पोटार पांय," मेहुणा म्हणाला. हे वाक्य त्याने पणजीच्या आझाद मैदानापासून पेडण्यापर्यंत इतक्या वेळा म्हटलंय की आता ते मीटरसारखं आपोआप पडतं. म्हणजे, मीटर पडत असता तर जसं पडलं असतं तसं.

एवढं बोलून त्याने पिशवीतून एक खोकं काढलं. गाडीत फोन धरायचा स्टँड. "बघा भावोजी, ऑनलाइन मागवला. एकशे नव्व्याण्णव रुपये, घरपोच. बाजारात ह्याचेच साडेतीनशे घेतात."

बाजारात म्हणजे कुणाकडे, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. शेटांचे कान लाल झाले होते. "हे ऑनलाइनवाले उद्या म्हापशाचा बाजार खाऊन टाकतील. भाडं आम्ही भरायचं, पालिकेला पैसे आम्ही द्यायचे, आणि गिऱ्हाईक खोकी मागवणार घरी! सरकारने ह्यांच्यावर बंदीच घातली पाहिजे."

मी चहा मागवला. गोमंतकीय माणसाला ॲपबद्दल मत नाही असं कोण म्हणतं? माणशी दोन मतं आहेत. दुसऱ्याच्या धंद्यात ॲप आलं तर ती प्रगती, आपल्या धंद्यात आलं तर पोटावर पाय.

सरकारला तर दोन मतंही पुरत नाहीत. ऑगस्ट 2018 मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या छत्राखाली 'गोवा माइल्स' हे टॅक्सीचं ॲप आलं. टॅक्सीवाल्यांनी तेव्हापासून ते बंद करा म्हणून धोशा लावला. एप्रिल 2021 मध्ये आझाद मैदानावर ठाण मांडलं, पण ॲप काही हटलं नाही. मग हायकोर्टाने कान पिळल्यावर डिजिटल मीटर आले. सरकारने खर्चाला हातभार लावला, मीटर बसले, आणि बसले ते बसलेच. चालू मीटरची टॅक्सी तुम्ही शेवटची कधी पाहिली ते मला जरूर कळवा, मी तारीख लिहून ठेवतो. पुढे मे 2025 मध्ये ॲपवाल्या कंपन्यांसाठी नियमांचा मसुदा निघाला, हरकतींचा पाऊस पडला, आणि खरा पाऊस ओसरायच्या आत तो मसुदा मागेही घेतला गेला. थोडक्यात, ॲप सरकारच्या आशीर्वादाने, ॲपविरोधाला सहानुभूती सरकारची, आणि मधे ट्रॉली धरून उभा पर्यटक. तो मात्र कुणाचाच नाही.

आता मेहुण्याची बाजू. तो नात्यातला आहे म्हणून नव्हे, ती बाजू खरंच आहे म्हणून. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल ह्या गावांनी पठारावरची जमीन दिली, काजू गेले, गुरं चरायची जागा गेली. नोव्हेंबर 2016 मध्ये पायाभरणी झाली, 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन, 5 जानेवारी 2023 पासून विमानं. इतकी वर्षं पेडण्याच्या पोरांना एकच गोष्ट ऐकवली गेली: विमानतळ आला की काम मिळेल. आत काचेच्या पलीकडे ज्यांना मिळालं त्यांना मिळालं. उरलेल्यांनी बँकेचं कर्ज काढून टॅक्सी घेतली. म्हणजे त्यांच्या लेखी टॅक्सी हा धंदा नाही, जमिनीच्या मोबदल्याचा राहिलेला हप्ता आहे. त्या हप्त्याच्या दारात कुणी ॲपचा काउंटर मांडला तर राग येणारच.

पण भाड्याचा आकडा शेटांच्या घशात अडकला त्याचं काय? मेहुण्याकडे त्याचंही उत्तर आहे. "भावोजी, मी मोपावरून गिऱ्हाईक घेऊन कळंगुटला जातो. परत येताना तिथलं गिऱ्हाईक मला उचलता येत नाही. ते त्या स्टँडचं. मी रिकामा येतो. मग परतीचं पेट्रोल कोण देणार, विमान कंपनी?"

खरं आहे. फक्त एक गोष्ट तो सांगत नाही. कळंगुटची टॅक्सी मोपावर आली तर तिला गिऱ्हाईक उचलू न देणाऱ्यांत तोही असतो. पेडण्याची गाडी रिकामी पेडण्याला येते, कळंगुटची रिकामी कळंगुटला जाते, कोलवाळच्या पुलावर दोघे एकमेकांना हॉर्न देतात, आणि दोन्ही रिकाम्या फेऱ्यांचे पैसे दिल्लीचा एक गृहस्थ भरतो. तो गृहस्थ मग घरी जाऊन गोव्याबद्दल जे लिहितो ते वाचून आपल्या अस्मितेला ठेच लागते. ह्यात ॲप कुठेच नाही. ॲप आलं ते ह्या रिकाम्या सीटवर बसायला.

शिवाय पोटावरचा पाय काही ॲपनेच आणला असं नाही. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन उभा असलेला आपला पायलट आठवा. म्हापशाच्या बसस्टँडवर उतरलेल्या माणसाला तो हणजुण काय, हळदोणे काय, दारापर्यंत सोडायचा. भाड्याच्या स्कूटर आल्या आणि त्याची रांग आखडली. मग काळ्या पाटीवर पिवळे आकडे लिहिलेल्या, स्वतः चालवायच्या भाड्याच्या मोटारी आल्या आणि टॅक्सीवाल्यांनी बोंब मारली. त्या मोटारीवाल्यांची बोंब वेगळीच: खासगी पाटीच्या गाड्या लोक गुपचूप भाड्याने देतात! पायलटच्या वतीने एवढ्या मोठ्याने कुणी ओरडल्याचं मला आठवत नाही. शेट तेव्हा नव्या स्कूटरवर फिरत होते, आणि मी त्यांच्या मागे बसत होतो.

मेहुण्याने तेवढ्यात आपला हुकमाचा पत्ता टाकला. "तुमच्या ॲपला दोन केरींतला फरक कळतो काय?"

हा पत्ता चांगला आहे. एक केरी आमच्या पेडण्यात, तेरेखोलच्या मुखाशी, समुद्रावर. दुसरी सत्तरीत, डोंगराकडे. मेहुणा शपथेवर सांगतो की एक जोडपं नकाशावर विसंबून सूर्यास्त बघायला सत्तरीच्या केरीत पोचलं. पाणी होतं तिथे, नाही असं नाही. अंजुणे धरणाचं. त्यांनी म्हणे विचारलं, म्हणजे हेच का ते अंजुना? नकाशाचा तरी काय दोष! पोर्तुगीज कारकुनाने नाकातला अनुस्वार दाखवायला शेवटी 'एम' लावला, आणि फोनमधली बाई तो प्रामाणिकपणे उच्चारते. पेडणेचं पेर्नेम, डिचोलीचं बिचोलिम, साखळीचं तर काय करते ते लिहिण्यासारखं नाही. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गेले ते जमिनीवरून. फोनमधून अजून जायचे आहेत.

"म्हणजे तू नकाशा वापरत नाहीस?" मी विचारलं.

"आसगावला वापरतो," तो जरा खाली बघत म्हणाला. "तिथल्या नव्या व्हिला कुणाच्या बापाला ठाऊक?"

म्हणून तो फोनचा स्टँड.

बाहेर आलो तर भाजीवाल्या बायच्या टोपलीला क्यूआर कोडाचा कागद चिकटवलेला, शेजारी पैसे आले की ओरडणारी ती डबी, आणि डबीवर जुना पंचा गुंडाळलेला. मी मुळे घेतले, पैसे पाठवले. पंचाच्या आतून कुणीतरी गुदमरल्यासारखं हिंदीत काहीतरी म्हणालं. "असं का गं?" "सगळ्यांक आयकूं येता, पुता," ती म्हणाली आणि नजरेनेच शेजारणीची टोपली दाखवली. अख्ख्या बाजारात ॲपबद्दल एकच मत असलेली बाई मला ही भेटली: पैसे येऊ देत, बोभाटा नको.

परदेशी दाखले देणाऱ्यांसाठी एक देऊन टाकतो, कारण सदरात तो असावा लागतो. बार्सेलोना हेही पर्यटकांनी पिचलेलं समुद्रकाठचं गाव. तिथे टॅक्सीवाल्यांनी शहर अडवलं, मग नियम आला की ॲपची गाडी निदान पंधरा मिनिटं आधी ठरवली पाहिजे. 2019 च्या जानेवारीअखेर उबर आणि काबिफाय गाशा गुंडाळून बाहेर. टॅक्सीवाले जिंकले. 2021 मध्ये उबर परत आलं, आणि ह्या वेळी चाकामागे कोण? तिथलेच टॅक्सीवाले. पंधरा मिनिटांचा तो नियम आमच्याकडे आणावा असं मला फार वाटतं. पंधरा मिनिटांत टॅक्सी येणार असेल तर मी एक तास आधी ठरवायला तयार आहे.

आता कुणीतरी विचारणारच, सदरकारा, तुझं काय? माझंही तेच. पहाटे पोदेराचा भोंपू वाजायच्या आधी माझ्या फोनवर एका ग्रुपमध्ये गोव्यातली झाडून सगळी वर्तमानपत्रं पीडीएफ होऊन पडलेली असतात. मी ती फुकट वाचतो, आणि वाचून झाल्यावर लोक पेपर विकत घेत नाहीत, मराठी पत्रकारितेचं कसं होणार, ह्यावर तिडकीने लिहितो. परवा पुतण्याने त्या नव्या एआयला सांगितलं, काकासारखा म्हापशावर लेख लिही. सात सेकंदांत लिहून दिला. त्यात 'समुद्रकिनारी वसलेलं निसर्गरम्य, शांत म्हापसा' असं होतं. समुद्र म्हापशाहून कोसभर तरी लांब, आणि शांतता त्याहून. मी पुतण्याला म्हटलं, हे असलं यंत्र लेखकांच्या पोटावर पाय देणार, ह्यावर सरकारने बंदीच घातली पाहिजे. शब्द ओळखीचे वाटले. लेख मात्र संपादकांना दाखवला नाही. आवडला असता.

त्या रात्री शेटांच्या मुलाला मेहुण्यानेच आणलं. पैसे घेतले नाहीत, ओळखीच्या माणसाकडून घेत नाहीत म्हणे. पोरगं मागच्या सीटवर बसून धारगळपासून फोनवर काहीतरी करत होतं. दाराशी पोचले तर जेवणाची पिशवी घेऊन एक मुलगा आधीच उभा. पत्ता सापडत नव्हता म्हणून तो मेहुण्यालाच विचारायला लागला.

चार दिवसांनी मी शेटांच्या दुकानात काच बदलायला गेलो होतो. मेहुणा आला. हातात तो एकशे नव्व्याण्णवचा स्टँड, मान मोडलेला. डिचोलीच्या रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात गेला होता. त्याने तो काउंटरवर ठेवला, बोलला काही नाही.

"ॲपला सांग," शेट म्हणाले.

"सांगितलं. फोटो पाठव म्हणाले. पाठवला. आता उत्तर नाही."

शेटांनी वडिलांच्या वेळचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्टँड उलटा केला, मळसूत्र बदललं, वर एक थेंब गोंद. पाच मिनिटं.

"किती झाले?"

"दोनशे."

"दोनशे? अहो, नवा एकशे नव्व्याण्णवला येतो!"

"शंभर दुरुस्तीचे," शेट स्टँड त्याच्या हातात देत म्हणाले, "आणि शंभर परतीचे. तू गेलास की मी रिकामाच बसणार."