पथ्य बाईंचं, वार आईचे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. माझं वजन 60 किलो, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम. इथवर गणित सोपं आहे. पुढे माझं आतडं येतं.

आम्ही साताऱ्याकडचे, नोकरीपायी कामोठ्यात आलेले. स्टेशनचं नाव मानसरोवर असलं, तरी नुसत्या हवेवर जगणारे ऋषी तिथं उतरत नाहीत. मटकीच्या उसळीवर वाढलेले आम्ही उतरतो. आहारतज्ज्ञ बाईंनी नेमकी तीच बंद केली. कडधान्यांतल्या काही साखरा पचवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथल्या जिवाणूंची पंगत बसते. जेवतात ते, आवाज माझे. तसल्याच साखरांपायी दूध बंद, कांदा-लसूणही बंद. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचं हे पथ्य, नाव फॉडमॅप: काही आठवडे हे सगळं सोडायचं, मग एकेक पदार्थ परत घेऊन पोट कशावर रुसतं ते बघायचं. ‘‘अंडी, मासे, चिकन यांत त्या साखरा नसतात, बिनधास्त खा,’’ बाई म्हणाल्या.

बाईंनी आईला विचारलं नव्हतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या तीन वारांत आठवड्याचं 350 ग्रॅम बसवायचं, तर त्या प्रत्येक दिवशी एकोणीस-वीस अंडी! उपासाला साबुदाणा, त्यात प्रोटीन जवळपास नाहीच. खिचडीची अब्रू दाण्याचं कूट राखतं.

शेवटी मासळीवाल्या मावशींना विचारलं, प्रोटीन जास्त कशात?

‘‘ते आमच्याकडं नसतं, दादा. सुके बोंबील न्या.’’

ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. वाळला की मात्र निम्म्याहून जास्त प्रोटीन. त्याला लसूण हवाच. लसणातली ती साखर तेलात उतरत नाही, म्हणून पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर चालतं.

‘‘लसूण तळून टाकून द्यायचा? कुठली रं ही श्रीमंती?’’ म्हणत आईनं त्या पाकळ्या स्वतःच्या भाकरीवर घेतल्या. मी बोंबलाला हात घालणार, तोच तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. ‘‘उरकून घे. परवापासून श्रावण. त्या मेलबर्नवाल्यांना विचार, महिनाभर काय खातात ते.’’