उत्तर धाराशिवला सापडलं, धनेगावला कधी?

माघ पौर्णिमेला दरेकसा स्थानकावर उतरलेली माणसं धनेगावच्या दिशेने चालू लागतात. कडेवर मूल, डोक्यावर गाठोडं, कुणाच्या हातात सप्तरंगी झेंडा. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या या डोंगराकडे महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून, तेलंगणातून गोंड कुळं येतात. 'सेवा जोहार' म्हणत कचारगड चढतात. गोंडांच्या कथेत इथल्या गुहेत काली कंकालीची लेकरं कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि किंगरी वाजवणारा हिरासुका यांनी तोंडावरची शिळा हलवली, लेकरं बाहेर आली आणि हिरासुका त्या शिळेखाली गेला.

या चढणीवर तिशी-पन्नाशीतल्या हजारो बायका असतात. त्यांतल्या किती जणींच्या गर्भपिशवीच्या तोंडाची आयुष्यात एकदा तरी तपासणी झाली असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या बायकांना हाच प्रश्न विचारला होता. देशभरातलं उत्तर होतं १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत! यात मुंबई आली, पुणे आलं, दिल्ली आली. सालेकशाच्या टोल्यांवर आकडा याहून बरा असेल असं मानायला मला एकही कारण दिसत नाही.

आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असा आहे की त्यानं बाई मरायलाच नको. तो होतो एका संसर्गातून. एचपीव्ही नावाचा विषाणू, त्याचे काही जहाल प्रकार. १६ आणि १८ नंबरचे दोनच प्रकार सुमारे ७० टक्के रोगाला जबाबदार. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. संसर्ग बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत परतवून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. एवढी सवड कुठला रोग देतो? तरी भारतात २०२२ या एका वर्षात याने सुमारे ८० हजार बायका गेल्या. सवड रोगाने दिली, वाया आपण घालवली.

मग उपाय कुणाला माहीत नव्हता का? होता. तो शोधला गेला आपल्याच राज्यात.

१९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, एक चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियोंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे मिळून. बार्शीला तेव्हा डॉ. भगवान नेने होते, टाटात डॉ. सुरेंद्र शास्त्री, लियोंला डॉ. शंकरनारायणन. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले. एका गटाची एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला तपासणी नाही, जी काही नेहमीची आरोग्यसेवा होती तीच.

आठ वर्षं पाठपुरावा झाला. २००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यांतल्या ३४ या कॅन्सरने गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ होत्या. त्यांतल्या ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे! पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

त्या ६४ जणींपाशी मी दर वेळी अडखळतो. तपासणी न करता लोकांचं काय होतं हे मोजण्यासाठी बायकांना तपासणीविना ठेवावं का, यावर पुढे जगभर वाद झाला आणि तो रास्त होता. तेव्हा खेड्यात तपासणी नव्हतीच, म्हणून आम्ही काही काढून घेतलं नाही, असं समर्थन होतं. मला ते पुरेसं वाटत नाही. पण वादात काहीही ठरो, त्या बायकांचं आपण देणं लागतो. त्यांच्या जिवावर जे कळलं ते प्रत्येक गावापर्यंत नेणं, एवढंच ते देणं फेडायचा मार्ग आहे. जगाने आपल्या परीनं ऐकलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणी हीच पहिली पसंती ठरवली. वय ३० पासून, पाच ते दहा वर्षांनी एकदा.

आपल्या सरकारने २०१६ मध्ये तपासणीचा आराखडा आणला. त्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरची पाहणी ठेवली. ती पद्धत टाकाऊ नाही, हे सांगितलंच पाहिजे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटाने केलेल्या चाचणीत दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवलं, त्यांनी दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे हात तयार असतील, फेऱ्या नेमाने होत असतील, तर व्हिनेगरही जीव वाचवतं. पण जंगलकाठच्या उपकेंद्रात बाईला टेबलावर झोपवायचं, आडोसा करायचा, उजेड धरायचा, पिशवीचं तोंड पाहायचं आणि नेमकं ओळखायचं, यासाठी माणूस आणि खोली दोन्ही लागतात. १.९ टक्के हा आकडा त्या दोन्हींची कहाणी सांगतो.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि याआधी अंगाची तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. अंगावरून पांढरं जातंय हे बाई बहिणीला सांगते, शेजारणीला सांगते, दवाखान्यात सांगत नाही. कारण विचारणारं तिच्या भाषेतलं कुणी तिथे बसलेलं नसतं.

तपासणी नसली की भीती उरते आणि भीतीचा धंदा होतो. बीडचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, पोटात दुखतंय, म्हणजे पुढे कॅन्सर होईल, काढून टाका, असं कित्येकींना सांगितलं गेलं. ज्या जिल्ह्याच्या शेजारी जगाला धडा देणारी चाचणी झाली, तिथे बायकांना साध्या तपासणीऐवजी सुरी मिळाली. हे वाचून राग येत नसेल तर कशाने येणार?

आता आदिवासी भागाचं. इथे संशोधनाचं नाव काढलं की लोक बिचकतात, आणि त्यांनी बिचकावंच. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. खम्मममध्ये त्यात आदिवासी मुली पुष्कळ होत्या. कित्येक संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या सह्या होत्या. मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध दिसला नाही, पण २०१० मध्ये काम थांबवलं गेलं आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. तिच्याविषयीचा विश्वास मात्र अशा सह्यांनी कित्येक वर्षं मागे गेला. कचारगडला कुणी काही घेऊन येणार असेल, तर त्याने आधी खम्मम वाचावं आणि गोंडीत विचारायला शिकावं.

घेऊन येण्यासारखं आज खूप आहे. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. एक मऊ ब्रश, आडोशाला दोन मिनिटं, ब्रश नळीत. टेबल नको, डॉक्टर नको, परक्याचा हात नको. क्षयरोगाचा थुंकीतला जंतू शोधायला गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट यंत्र ग्रामीण आरोग्यसेवेला ओळखीचं आहे. त्याच यंत्रावर एचपीव्ही तपासायची चिपही आली आहे. नमुन्यात विषाणू निघालाच, तर पिशवीच्या तोंडाची पाहणी करून सुरुवातीचा बिघाड उष्णतेने जाळता येतो. उपकरण हातात मावतं, बॅटरीवर चालतं, एका वेळी अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. मुलींसाठी पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून बाजारात आहे.

पण यात्रेत एक तंबू टाकून दोनशे बायकांचे नमुने घेतले आणि फोटो काढून परतलो, असं करायचं असेल तर मुळीच येऊ नका. नमुना घ्यायचा आणि निकाल पोचवायचा नाही, हा बाईवर केलेला अन्याय आहे. 'तुझ्यात विषाणू आहे' एवढंच कळून ती घरी बसली, तर तिला नवी भीती मिळाली, उपचार नाही. धाराशिवला मृत्यू घटले ते नुसत्या चाचणीच्या रसायनाने नव्हे. ज्यांच्यात दोष निघाला त्यांना परत बोलावलं, तपासलं, बिघाड जाळला किंवा काढला, म्हणून घटले. गोंदियापासून नागपूरच्या कर्करोग रुग्णालयापर्यंत रेल्वेने सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. ज्या थोड्या जणींना तिथवर जावं लागेल त्यांची मजुरी बुडणार, सोबत कुणीतरी लागणार, पोरं कुणाकडे तरी ठेवावी लागणार. त्याची तरतूद तंबू ठोकायच्या आधी झाली पाहिजे.

धनेगावच्या पायथ्याशी, चढण सुरू होण्याआधी, गोंडी बोलणाऱ्या दोन बाया बसलेल्या असाव्यात. 'नको' म्हणणारीला तितक्याच आदराने जोहार करून वर जाऊ द्यावं. 'हो' म्हणणारीच्या नळीवर नाव लिहावं आणि वहीत गाव, टोला, तिच्या आशाताईचा फोन नंबर आणि निकाल घेऊन घरी यायची तारीख.