शूऽऽ, बोलू नका!

निसर्गमित्र हा प्राणी आता गावोगाव आढळतो, पण सोलापुरातल्या जातीचा रुबाब वेगळा. रानावनावर आणि पाखरांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ रोजी याच गावात जन्मले. त्या तारखेपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जयंतीपर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. तेव्हा ही गादी पुढं चालवायची जबाबदारी गावकरी या नात्यानं आपल्यावरच आली आहे, असं इथला निसर्गमित्र धरून चालतो.

अंगात अकरा खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण. लग्नाच्या पंगतीतही ती उतरत नाही. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी नान्नजला पोचतं. तिथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९चं, पण माळढोक जणू यालाच विचारून आला होता. ‘इथून त्या टाकीएवढा लांब होता बघा!’ पुढच्या वर्षी तोच माळढोक टाकीच्या अलीकडं आलेला असतो.

सप्ताहात शाळेच्या पोरांना नान्नजला न्यायला गाडी मिळत नाही. हिप्परग्याचा तलाव म्हटलं की आया घाबरतात. उरतं चर्चमागचं जुनं कबरस्तान. कडुलिंबाची सावली आहे, फाटकाला कडी आहे आणि आतली मंडळी कुणाला हटकत नाहीत.

‘शूऽऽ, बोलू नका!’ हे वाक्य तो अशा आवाजात म्हणतो की होल्यांची जोडी भुर्रकन उडते. मग रिकाम्या फांदीकडं बोट दाखवून होल्याची सगळी माहिती सांगतो. माहितीत चूक काढता येत नाही हो, फक्त तिच्यात पक्षी नसतो. ढोलीतला पिंगळा मात्र हलत नाही. मान खालीवर करत या घोळक्याचं निरीक्षण करतो. ‘सर, भूत!’ ‘भूत नाही बेटा, उंदीर खातो तो.’ ‘मग भूत काय खातं सर?’

थडग्यावरची करडी खपली दाखवून तो म्हणतो, ‘हे आपल्या दगडफुलाचं भाऊबंद.’ एक मुलगी तत्परतेनं वहीत लिहिते: चर्चमध्ये काळा मसाला उगवतो. तेवढ्यात मागची पोरं पालथी पडलेली. भुसभुशीत मातीत मुंगीसिंहाचे खड्डे सापडलेत आणि मुंग्यांचा पुरवठा सुरू झालाय. ‘काय बे, अजून एक टाक की!’ माळढोकाला एवढं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं.

खरी लढाई मात्र नाताळाच्या आधी होते. घरचे लोक थडगी घासायला, चुना मारायला येतात, आणि हा रुईच्या झुडपापुढं आडवा उभा राहतो.

‘मावशी, उपटू नका. फुलपाखराच्या अळ्या यावरच वाढतात. बाळंतघर आहे हे!’

‘असंल की. पण आमच्या ह्यांच्या डोक्यावरच कशाला?’

तो बिबळ्या कडवा या फुलपाखराचं अख्खं आयुष्य सांगतो: अंडं, अळी, कोष. मावशी खुरपं हातात धरून सगळं ऐकून घेतात, पदरानं घाम पुसतात, आणि ह्यांच्या डोक्यावरची रुई मुळासकट काढतात. मग पलीकडं बघून म्हणतात, ‘ती तिकडली राहू दे. सासूबाई आहेत तिथं.’

त्या ओळीत सध्या अळ्या भरपूर आहेत.